कुणी नसलेल्या खोलीतले हात

त्या चष्म्याच्या आतल्या फोमला एक वास होता. नवा होता तेव्हा कोऱ्या रबराचा; पुढे तो मुलांचा झाला. खोबरेल तेलाचा, कपाळावरच्या घामाचा, कुणाच्या शेतातून थेट आलेल्या केळीच्या चिकाचा. रोज संध्याकाळी मी तो ओल्या फडक्याने पुसून काढीत असे, तरी सकाळी खोली उघडली की आदल्या दिवशीची मुले आधी नाकाला भेटत. आता निवृत्त होऊन मी जळगावच्या घरात बसले आहे. दार उघडते तेव्हा कुलपाच्या पितळेखेरीज कशाचाही वास येत नाही, आणि मग तो फोम आठवतो.

माझा व्यवसाय काय, हे मला नातेवाइकांना कधी नीट सांगता आले नाही. व्यवसायोपचार म्हटले की लोकांना मी तरुणांना नोकऱ्या लावून देते असे वाटे. लग्नकार्यात ओळख करून देताना माझी थोरली जाऊ म्हणायची, "ही हातापायांची डॉक्टर." मी दुरुस्त करीत नसे. शर्टाचे बटण लावणे, चेंडू झेलणे, घास न सांडता तोंडापर्यंत नेणे, जिना उतरताना पुढच्या पायरीचा अंदाज घेणे: या गोष्टी आपण कधीतरी शिकलो, हेसुद्धा आपल्याला आठवत नाही. काही मुलांना त्या आयत्या मिळत नाहीत. त्यांच्या शेजारी बसून ती प्रत्येक हालचाल सुटी करून पाहायची आणि पुन्हा जोडायची, हे माझे काम. जळगावला आमचे केंद्र होते आणि दर गुरुवारी मी एसटीने धुळ्याला जात असे.

माझ्याकडे येणाऱ्यांत स्वमग्न मुले पुष्कळ. 'स्वमग्न' या शब्दाशी माझे कधी पटले नाही. कॉलेजात असताना मी हौसेने कवितेच्या वर्गाला बसत असे; तिथे तो शब्द एखाद्या तळ्यासाठी शोभला असता. मुलासाठी तो अन्याय करतो. ही मुले स्वतःत बुडालेली नसतात. बाहेरचे जग त्यांच्यावर फार जोरात आदळत असते, एवढेच. त्यांचे बोलणे, नजर न मिळवणे याची चर्चा सगळे करतात. हातांची कुणी करीत नाही. यांतल्या पुष्कळ मुलांचा हात वस्तूकडे निघायला उशीर करतो, मध्येच थबकतो, एक हात दुसऱ्याची वाट पाहत नाही. पूर्वी आम्ही हे मणी ओवायला देऊन, जमिनीवर खडूची रेघ काढून, डोळ्यांनी पाहून ठरवीत असू. मग पुण्याच्या एका महाविद्यालयाच्या प्रकल्पातून तो चष्मा आला.

चष्मा कसला, तो एक डबाच. डोळ्यांवर बांधला की आपली खोली नाहीशी होते आणि समोर दुसरी खोली उभी राहते. फिकट निळ्या भिंतींची, दार नसलेली, कुणी नसलेली. त्या खोलीत समोरून पिवळ्या चकत्या हळूहळू तरंगत येत. मुलाने त्या झेलायच्या आणि शेजारच्या टोपलीत टाकायच्या. हातात काही धरावे लागत नसे. चष्म्यावरचे कॅमेरे मुलाचे हात पाहत आणि तसेच दोन हात आतल्या खोलीत दाखवीत. हात केव्हा निघाला, सरळ गेला की अडखळत, दोन्ही हातांचा मेळ बसला की नाही, हे सगळे यंत्र टिपून घेई. माझ्या डोळ्यांना जे निसटते दिसे, त्याची त्याच्याजवळ बारीक रेघ असे. मी त्याचा द्वेष केला नाही. इतकी वर्षे मी एकटीच पाहत होते. आता आणखी कुणी पाहणारे आले, असे मला वाटले.

पण डोक्यावर काही बांधू देतील तर ती मुले कसली! टोपी सहन होत नाही, केस विंचरू देत नाहीत, तिथे हा डबा कोण बांधून घेणार? यंत्राबरोबर आलेल्या पुस्तिकेत यावर काही नव्हते. आमच्याकडे उन्हाळ्यात पुरुष डोक्याला रुमाल गुंडाळल्याशिवाय उंबरा ओलांडत नाहीत. मी पालकांना सांगू लागले की बापाचा वापरातला रुमाल आणा, न धुता आणा. तो आधी कपाळाला गुंडाळायचा, त्यावर चष्मा. घरचा वास असला की डोके अनोळखी गोष्टीला थोडी जागा करून देते. पुण्याच्या अभियंत्यांनी दूरदर्शनवरून आमची खोली पाहावी तशी एकदा संगणकावरून पाहिली आणि विचारले, "मॅडम, त्याच्या डोक्याला जखम झालीय का?"

माणसेही नाना तऱ्हेची येत. वरणगावचे एक गृहस्थ कारखान्यात मापे तपासण्याच्या कामावर होते. मुलाच्या आधी त्यांनी चष्मा स्वतः चढवला, अर्धा तास चकत्या झेलल्या, घाम पुसला आणि गंभीरपणे विचारले, "मॅडम, हे सगळ्यांना तपासतं. याला कोण तपासतं?"

"मी," मी म्हणाले.

"आणि तुम्हाला?"

त्यांची बायको म्हणाली, "अहो, मुलाला आणलंय ना आपण? तुमचाच रिपोर्ट घेऊन जायचं का घरी?"

धुळ्याच्या खोलीत पिंपळनेरकडचा एक लहान मुलगा आला होता. त्याने एकही चकती झेलली नाही. तो मान खाली घालून बसून राहिला. काय शोधतो आहे ते मला कळेना. मग त्याचा चष्मा काढून मी स्वतः लावला आणि खाली पाहिले. त्या खोलीत पायच नव्हते. हात मनगटापर्यंत होते आणि त्याखाली फक्त निळी फरशी. मुलगा आपले पाय शोधत होता. यंत्राने त्याला शून्य दिले. मी त्याचे तळवे माझ्या हातात घेतले आणि बराच वेळ दाबत बसले, ते जागेवर आहेत हे त्याला पटेपर्यंत.

मूल त्या निळ्या खोलीत गेले की मी बाहेर उरत असे. ते माझ्यासमोर हातभर अंतरावर उभे असे, त्याचा श्वास मला ऐकू येई, पण ते जिथे होते तिथे मला जाता येत नसे. संगणकाच्या पडद्यावर दोन सुटे हात हलताना दिसत. आयुष्यभर मी या मुलांच्या दाराबाहेर उभी होते. त्या चष्म्याने ते दार फक्त डोळ्यांना दाखवले.

जागृती आली ती आखाजीच्या आधल्या आठवड्यात. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, हा आमच्याकडचा मोठा सण. बाहेरगावी गेलेले त्यासाठी घरी येतात. तिचे वडील संतोषभाऊ सुरतेला कापड गिरणीत होते, तेही असेच आलेले. गाव पाचोऱ्याजवळचे. जागृती बारा-तेरा वर्षांची, उंच, सडपातळ, अजिबात न बोलणारी. तिची आई मंगलताई. आमच्या भागात पुरणपोळी उलट्या मडक्यावर, खापरावर भाजतात. ती लाटण्याने लाटत नाहीत, दोन्ही हातांवर झुलवून पसरवतात. तिला मांडा म्हणतात. मंगलताईंच्या हातचा मांडा आसपासच्या गावांत नावाजलेला, लग्नसराईत त्यांना सवड नसे.

संतोषभाऊंनी बसल्या बसल्या मुद्दा मांडला. "मॅडम, मी सरळ माणूस. नाशिककडे एक वसतिगृहाची शाळा शे, अशा पोरींसाठी. जागा मिळी ऱ्हायनी. तिना हात चालतस का नही, इतलंच तुमी सांगा. चालत असतील तर घरी काहीतरी करी खाई. नही तर तिकडे टाकस. मशीन सांगी ते मी मानसू."

मंगलताई जमिनीकडे पाहत म्हणाल्या, "मी मांडासना कामले जास ते दारले बाहेरून कडी लाईसन जास, ताई."

"मंग? तेच सांगी ऱ्हायनू ना मी," संतोषभाऊ म्हणाले. "कडी लावेल घरापेक्षा शाळा बरी नही का?"

त्या माणसाला दुष्ट म्हणणे सोपे होते, आणि तो दुष्ट नव्हता. बाहेरून कडी लावलेल्या घरात आपली मुलगी दिवसभर एकटी असते, हे त्याला सुरतेत झोपू देत नव्हते. मंगलताईंना तर ती कडी रोज स्वतःच्या हाताने लावावी लागे. दोघांना एकच गोष्ट सलत होती आणि तिची उत्तरे उलटी होती: त्यांना शाळा हवी होती, मंगलताईंना मुलगी घरीच.

"घरात ती काय करते? स्वयंपाकघरात येते का?" मी विचारले.

"जवळ येतच नही. मी चुल्हापुढे बसनू का ती दारमा जाईसन उभी ऱ्हास, पाठ करीसन. दखत बी नही मनाकडे."

आताही ती तशीच उभी होती. आमच्याकडे पाठ, कपाळ दाराच्या चौकटीला टेकलेले, बोटे रंगाच्या पोपड्यांवरून हळूहळू फिरत.

संतोषभाऊंचा रुमाल कपाळाला बांधू देताना तिने डोळे मिटले. चष्मा बांधू दिला. निळ्या खोलीत पहिली चकती आली आणि जागृतीने ती झेलली नाही. तिने दोन्ही तळवे आभाळाकडे केले, हात कोपरात वाकवले आणि ते आलटून पालटून वरखाली झुलवू लागली. चकती तिच्या हातांमधून आरपार निघून गेली. पुढची आली, तेच. यंत्राने प्रत्येक वेळी झेल चुकल्याचा ठोका वाजवला. अशा मुलांचे हात झटकणे मी शेकडो वेळा पाहिले होते. पडद्याकडे पाहताना मलाही ते तेच वाटले. चाचणी संपली. चष्मा निघताच जागृती पुन्हा दाराशी जाऊन उभी राहिली. जो आकडा आला तो इतका खालचा होता की संतोषभाऊंना तो वाचून दाखवावा लागला नाही. पडद्यावरचा लाल रंग त्यांना कळला.

"झायं मंग," ते हळू आवाजात म्हणाले. त्यांना आनंद झाला नव्हता.

या यंत्रात एक सोय होती. मूल वगळून फक्त त्याचे हात पुन्हा पाहता येत. निर्णय इतका मोठा होता की मी ते पुन्हा लावले. निळ्या रिकाम्या खोलीत दोन हात झुलत होते, एक वर, एक खाली, मध्ये क्षणभर थांबा, मग पुन्हा. कवितेच्या वर्गात मला एक गोष्ट शिकवली होती: अर्थ लागला नाही तर आधी लय ऐका. झटकण्याला लय नसते. असली तरी ती एकाच ठिकाणी गिरक्या घेते. ही लय कुठेतरी जात होती. प्रत्येक झोक्याला हात किंचित अधिक फाकत होते, जणू त्यांच्यावरचे काहीतरी मोठे होत होते.

मी मंगलताईंकडे वळले, काही विचारण्यासाठी. त्या पडद्याकडे पाहत होत्या आणि मांडीवर ठेवलेले त्यांचे हात, त्यांच्या नकळत, उताणे होऊन हलत होते. एक वर, एक खाली, मध्ये थांबा. पडद्यावरच्या हातांशी अगदी जुळून.

"मंगलताई," मी म्हणाले, "तुमचे हात बघा."

त्यांनी खाली पाहिले. मग पडद्याकडे. मग दाराशी पाठमोऱ्या उभ्या असलेल्या मुलीकडे.

"हाई ते मांडा शे," त्या म्हणाल्या.

यंत्राने चकती दाखवली होती. पिवळी, गोल, पातळ. ती टोपलीत टाकायची वस्तू आहे असे त्या मुलीला का वाटावे? तिच्या घरात तसे दिसणारे जे काही होते, त्याचे जे करतात ते तिने केले. आईकडे पाठ करून उभे राहिलेल्या त्या मुलीने सगळे पाहिले होते. केव्हा, कसे, कोणत्या तिरप्या नजरेने, कुणास ठाऊक.

संतोषभाऊ मात्र बधले नाहीत. "हवामा हात हालवना आन मांडा करना, फरक शे ना मॅडम?"

फरक होताच. म्हणून आखाजी झाल्यावर, ते सुरतेला परतायच्या दिवशी, तिघांनाही मी पुन्हा बोलावले. मंगलताई खापर, सपीट आणि पुरण घेऊन आल्या. केंद्राच्या मागच्या अंगणात विटांची चूल मांडली. निंबाखाली ऊन गाळून पडत होते, तापलेल्या मातीचा आणि गुळाचा वास एकत्र दरवळत होता. मंगलताईंनी पहिला मांडा केला. पिठाचा गोळा मनगटावरून कोपरापर्यंत पसरत गेला, ओल्या कापडासारखा झुलला आणि थप्प करून खापरावर उतरला. जागृती माझ्या खोलीच्या दारात उभी राहिली, पाठ करून.

"जागू, ये ना व माय," मंगलताई म्हणाल्या. त्यांनी दुसरा मांडा केला, तिसरा केला. मी जवळ जाऊन पिठाचा गोळा तिच्या तळव्यावर ठेवून पाहिला. तिने हात मागे घेतला. संतोषभाऊंनी गोड बोलून पाहिले, मग रागावून. ऊन चढले. मांडे थंड होऊन वाळू लागले.

"ऱ्हाऊ द्या मॅडम. ती काही येस नही," संतोषभाऊ म्हणाले आणि स्टेशनला जायला रिक्षा पाहण्यासाठी फाटकाकडे निघाले. मंगलताई उठल्या आणि इमारतीच्या कोपऱ्यावरच्या नळाकडे गेल्या. तोंड धुवायला गेल्या की रडायला, मी विचारले नाही. मी खोलीत गेले आणि संगणकाच्या पडद्यामागे चष्म्याच्या वायरी गुंडाळू लागले. तो आवरण्यावाचून दुसरे काही सुचत नव्हते.

अंगणात कुणीच उरले नाही.

थप्प.

मी खिडकीतून पाहिले. जागृती चुलीपुढे आईच्या जागी बसली होती. पहिला खापराबाहेर विटांवर पडला होता, दुसरा मांडा तिच्या हातांवर होता. तो मनगटावरून कोपराकडे सरकत होता, या हातावरून त्या हातावर जात होता आणि दर झोक्याला मोठा होत होता. कडेला फाटला. तिने फाटलेली बाजू वरच्या हाताला घेतली आणि झुलवीत राहिली. फाटकाशी संतोषभाऊ रिक्षाच्या दांडीला धरून वळून उभे होते. कोपऱ्यावर मंगलताई, चेहऱ्यावर पाणी तसेच. आम्ही तिघेही श्वास रोखून, जणू आम्ही तिथे नाहीच, असे उभे राहिलो.

मांडा खापरावर वाकडा पडला. एका बाजूने करपू लागला. जागृतीने तो उलटला नाही. ती उठली आणि पुन्हा दाराशी जाऊन चौकटीला कपाळ टेकून उभी राहिली.

त्या निळ्या खोलीत तिला का जमले, हे मला तेव्हा कळले. चष्म्याने तिला काही शिकवले नव्हते. तिथे फक्त कुणी नव्हते.

संतोषभाऊ चालत आले. त्यांनी खापरावरचा तो अर्धा करपलेला मांडा बोटांनी सोडवला आणि उभ्या उभ्या खाल्ला, करपलेल्या कडेसकट. फाटकातून रिक्षावाला ओरडला, "भाऊ, येताय का? गाडीचा टाइम होईल."

"तुमी जा दादा," संतोषभाऊ म्हणाले. मग बायकोकडे न पाहता, "पोर घरच राही."

मंगलताई चुलीशी गेल्या. खाली बसून त्यांनी चुलीतले लाकूड मागे ओढले.

यंत्राचा आकडा मी पुण्याला होता तसाच पाठवला. तो यंत्राचा होता. त्याखाली मी माझे निरीक्षण लिहिले. उत्तर सौजन्याचे आले: फार हृद्य आहे, परंतु हे कोणत्या रकान्यात घालावे? अजूनही मला ते ठाऊक नाही. माणसांत यायला शिकवणे हे माझे काम होते, आणि त्या मुलीचे हात उघडले ते माणसे दूर झाल्यावर. हिला माणसांची गरज नाही, असा त्याचा अर्थ नव्हे. आईची प्रत्येक हालचाल जिने पाठमोरी उभी राहून पाठ केली, तिला आई नको होती असे कोण म्हणेल? मात्र जवळ येण्याची तिची रीत अशी होती की दुसऱ्याने आधी निघून जावे. इतक्या वर्षांत कितीतरी मुलांना मी "इकडे बघ" म्हणाले. ते चूक होते असे मी म्हणत नाही. पण त्यांतली किती मुले मी उठून जाण्याची वाट पाहत असतील, हा विचार आता संध्याकाळी येतो, आणि घरात त्याला उत्तर देणारे कुणी नसते.

आमच्या धंद्यात ज्यांचे बरे चालते ती माणसे पुन्हा भेटत नाहीत. जागृतीची तशी काही खबर नव्हती. निवृत्तीनंतर आलेल्या आखाजीला मी स्वतःच पाचोऱ्याची गाडी धरली.

मंगलताई आता कामाला बाहेरगावी जात नाहीत. लोक घरी येऊन मांडे घेऊन जातात. मी पोहोचले तेव्हा त्या अंगणात पाट टाकून बसल्या होत्या. घराचे दार सताड उघडे होते आणि त्यांची पाठ दाराकडे होती. बाहेरच्या कडीला कुणीतरी कपड्यांची दोरी बांधली होती.

"या ताई. आठेच बसा, मनासारखी पाठ करीसन," त्या हळू आवाजात म्हणाल्या आणि शेजारी सरकल्या. "आत दखू नका फक्त."

"चुलीची भीती नाही वाटत?"

"वाटस ना. एकदाव बोट भाजी घेतं तिनी. जाळ मी बारीक करीसन येस. कान तिकडेच ऱ्हातस मना." मग थोडे हसून, "पहिले ती दारमा उभी ऱ्हाये, आते मी."

मी त्यांच्या शेजारी बसले, दाराकडे पाठ करून. समोरच्या भिंतीवर दुपारचे ऊन होते. आतून गुळाचा वास आला, मग थप्प, मग हातांवर पीठ झुलण्याचा तो जवळजवळ न ऐकू येणारा आवाज. मंगलताईंचे हात मांडीवर उताणे पडले होते आणि किंचित हलत होते.

मध्येच आतला आवाज थांबला. मंगलताईंचे हातही थांबले. आम्हा दोघींनाही मान वळवावीशी वाटली असणार. आम्ही समोरच्या भिंतीकडे पाहत राहिलो.

मग आत पुन्हा पीठ झुलू लागले.